एकतीस व्हिडिओ आणि एकच कपाट?

पत्र:

‘आमची छोटी संस्था व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना समुपदेशन देते. पगारी माणसं तीन, बाकी सगळे स्वयंसेवक. नव्या वेबसाइटसाठी आम्ही दोन वर्षं खपून ३१ व्हिडिओ केले. १७ माहितीचे, ८ स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचे आणि ६ मुलाखती. या मुलाखती सावरलेल्या माणसांनी चेहरा न लपवता दिल्या आहेत. आता हे ठेवायचे कुठे, यावर विश्वस्तांच्या तीन बैठका झाल्या. खजिनदार म्हणतात, यूट्यूब फुकट आहे, विषय संपला. अध्यक्ष विचारतात, दारू सोडण्याच्या व्हिडिओआधी जुगाराची जाहिरात लागली तर तोंड कुठे लपवायचं? वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो, आपल्याच सर्व्हरवर टाकू, कुणाचं मिंधं राहायला नको. मला तांत्रिक बाजू फारशी कळत नाही, पण निर्णय माझ्या गळ्यात पडला आहे. कृपया एकच जागा सांगा. – तीन मतांच्या कात्रीत सापडलेली’

ताई,

तुमच्या तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. गडबड आहे ती तुमच्या शेवटच्या वाक्यात. एकच जागा मी सांगणार नाही, कारण तुमच्याकडे ३१ व्हिडिओंचा एक ढीग नसून तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरातली भांडी, औषधं आणि दागिने आपण एकाच कपाटात ठेवत नाही. प्रत्येक व्हिडिओबद्दल आधी दोन प्रश्न विचारा: तो कुणी पाहायला हवा, आणि भलत्या माणसाने पाहिला तर कुणाचं काय बिघडेल? कंपनी कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्या तीन बैठका बहुधा त्याच्यापासूनच सुरू झाल्या असणार.

सुरुवात वेबसाइट करणाऱ्या मुलापासून करू. त्याचं म्हणणं ऐकायला सगळ्यात स्वाभिमानी आणि निभवायला सगळ्यात जड. मोबाइलवर आणि संगणकावर नीट दिसेल असा १०८० रेषांचा व्हिडिओ साधारण ५ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने जातो असं धरा. म्हणजे एका मिनिटाला ३७.५ मेगाबाइट. आठ मिनिटांची मुलाखत ३०० मेगाबाइटची झाली. ती हजार जणांनी पूर्ण पाहिली की तुमच्या सर्व्हरवरून ३०० गिगाबाइट बाहेर गेले. हा एका मुलाखतीचा हिशेब, तुमच्याकडे व्हिडिओ ३१ आहेत. एखाद्या दिवशी कुणी लिंक पुढे पाठवली आणि शंभर जण एकाच वेळी पाहायला बसले, तर त्या क्षणी ५०० मेगाबिट प्रतिसेकंद इतका प्रवाह लागेल. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक वेबसाइटनी मिळून वापरायचा एकच सर्व्हर, यासाठी बांधलेलंच नसतं. व्हिडिओ अडखळेल हे ठीक, पण त्याच्याबरोबर तुमचं मदतीच्या फोन नंबरचं पानही उघडेनासं होईल. ज्याला रात्री दोन वाजता तो नंबर हवा असतो, त्याला व्हिडिओशी काही देणंघेणं नसतं.

दुसरी अडचण दर्जाची. यूट्यूब किंवा व्हिमिओ या दुसऱ्या व्हिडिओ सेवेवर एक फाइल चढवली की ते तिच्या लहानमोठ्या अनेक आवृत्त्या करून ठेवतात आणि पाहणाऱ्याच्या नेटचा वेग बघून मधल्या मध्ये आवृत्ती बदलतात. नेट मंदावलं की चित्र धूसर होतं, पण बोलणं तुटत नाही. तुमच्या सर्व्हरवर पडलेली एकुलती एक एमपीफोर फाइल हे करू शकत नाही. ते करायचं तर एचएलएससारखी पद्धत बसवायला हवी. ॲपलने ती २००९ मध्ये आणली, ती खुली आहे आणि सगळीकडे चालते. पण बसवायला आणि पुढे सांभाळायला माणूस लागतो. तो मुलगा वर्षभराने दुसऱ्या नोकरीला लागला की हे कोण पाहणार? तीन पगारी माणसांच्या संस्थेसाठी हा नाकापेक्षा जड मोती आहे.

त्याला अगदीच नाउमेद करू नका. पहिल्या पानावर वीस सेकंदांची, आवाज नसलेली छोटी चित्रफीत हवी असेल तर ती खुशाल आपल्या सर्व्हरवर ठेवा. फक्त एक पाहायला सांगा. एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. मग काही वेळा जवळपास पूर्ण फाइल उतरेपर्यंत ब्राउझर नुसतं गरगर फिरणारं चक्र दाखवत बसतो. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ असा एक चौकोन आहे. त्यावर टिचकी मारली की अनुक्रमणिका पुढे येते. व्हिडिओ सुरूच होत नाही म्हणून होस्टिंगवाल्याशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि चूक त्या चौकोनाची होती.

आता खजिनदार. त्यांना सांगा की १७ व्हिडिओंपुरतं ते जिंकले. माहितीचे व्हिडिओ यूट्यूबवरच हवेत, आणि फुकट हे त्याचं दुय्यम कारण. मुख्य कारण असं की माणसं तिथे शोधतात. ज्याच्या घरात कुणी पितं, तो तुमच्या संस्थेचं नाव टाइप करत नाही. तो टाइप करतो, ‘दारू सोडल्यावर हात का थरथरतात’. त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या समुपदेशकाने दिलं असेल तर ते त्याच्या वाटेवर असायला हवं. शीर्षकंही तशीच द्या. ‘व्यसनमुक्ती जनजागृती, भाग ४’ असा प्रश्न अपरात्री कुणीच विचारत नाही.

सोय म्हणाल तर बरीच आहे. खात्याची फोनवरून पडताळणी केली नसेल तर एका व्हिडिओला १५ मिनिटांची मर्यादा असते. पडताळणी केली की १२ तास किंवा २५६ गिगाबाइट, यातलं जे आधी भरेल ते. तुम्हाला आयुष्यभर पुरेल.

पण अध्यक्षांची भीती खोटी नाही. आपण कमाईचा पर्याय घेतलेला नाही, तर जाहिराती येणार नाहीत, असा अनेकांचा समज असतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबने आपल्या अटी बदलायला सुरुवात केली आणि भागीदार कार्यक्रमात नसलेल्या वाहिन्यांच्या व्हिडिओंवरही जाहिराती दाखवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. त्या जाहिरातीचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत आणि कुठली लागावी हेही तुमच्या हातात राहत नाही. जाहिरातींच्या कमाईत वाटा हवा तर हजार सदस्य आणि वर्षभरात ४००० तासांचं पाहणं, अशा पायऱ्या आहेत. मुलाखतींच्या बाबतीत माझं मत म्हणून ‘भीक नको, पण कुत्रं आवर’ असंच आहे. माहितीच्या व्हिडिओंपुरती मी जाहिरात सोसते, कारण त्या बदल्यात अनोळखी माणूस तुमच्यापर्यंत पोहोचतो. हा सौदा अध्यक्षांना मान्य आहे का, ते बैठकीत स्पष्ट विचारा. नसेल तर माहितीचे व्हिडिओही पैसे भरून दुसरीकडे न्यावे लागतील, आणि मग शोधणाऱ्याला ते सापडणार नाहीत.

जाहिरातीपेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. एक मोबाइल अख्खं घर वापरतं. एखादी बाई नवऱ्याच्या पिण्याबद्दल तुमच्या वेबसाइटवर व्हिडिओ पाहते. फोनवर यूट्यूबचं खातं उघडं असेल तर ते पाहणं इतिहासात नोंदलं जाऊ शकतं. संध्याकाळी तोच फोन नवऱ्याच्या हातात, आणि पडद्यावर सुचवण्यांची रांग: ‘दारुड्या जोडीदाराशी कसं वागावं’. तिच्या घरात पुढे काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो फार कमी संस्था वापरतात. यूट्यूबवर ‘शेअर’मधून ‘एम्बेड’, म्हणजे व्हिडिओ आपल्या पानात बसवायचा कोड, घेताना ‘गोपनीयता-वर्धित’ असा पर्याय मिळतो. तो निवडला की व्हिडिओ यूट्यूब-नोकुकी डॉट कॉम या पत्त्यावरून येतो. तुमच्या पानावर पाहिलेल्या व्हिडिओचा पाहणाऱ्याच्या पुढच्या सुचवण्यांवर परिणाम होत नाही, आणि जाहिरात लागलीच तर ती त्या माणसाच्या सवयी हेरून निवडलेली नसते. मात्र त्याने व्हिडिओवर टिचकी मारून थेट यूट्यूब उघडलं की हे संरक्षण संपतं. म्हणून व्हिडिओखाली दोन ओळी लिहाच: ‘हा व्हिडिओ इथेच पाहा. फोन घरात इतरही वापरत असतील तर आधी खात्यातून बाहेर पडा.’ तुमच्या क्षेत्रात ही ओळ सजावटीची नाही.

व्हिडिओ संपल्यावर खाली जी चित्रं उगवतात, ती बंद करायची युक्ती कुणीतरी सांगेल. एम्बेडच्या पत्त्याच्या शेवटी ‘रेल बरोबर शून्य’ (rel=0) लिहा म्हणेल. ते जुनं झालं. २०१८ पासून त्या शून्याचा अर्थ एवढाच उरला आहे की सुचवलेले व्हिडिओ तुमच्याच वाहिनीवरचे असतील. तेही वाईट नाही. फक्त मग वाहिनीवर दुसरं काहीबाही ठेवू नका. वार्षिक सभेचं दोन तासांचं चित्रण तर नकोच.

आता त्या सहा मुलाखती. या माणसांनी तुमच्यावर विश्वास टाकून चेहरा दाखवला आहे. त्या यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुल्या टाकू नका. ‘अनलिस्टेड’ करूनही टाकू नका. अनलिस्टेड म्हणजे शोधात न दिसणारा व्हिडिओ. पण ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दार उघडंच, आणि लिंक पुढे पाठवायला दोन सेकंद लागतात. दाराला कुलूप नसून नुसती पाटी काढून ठेवली आहे, असं समजा.

इथे पैसे मोजा. व्हिमिओसारख्या सशुल्क सेवेत जाहिरात नसते, आणि हा व्हिडिओ फक्त अमुक वेबसाइटवरच चालेल, असं बंधन घालता येतं. कुणी लिंक उचलून दुसरीकडे डकवली तर तो तिथे चालत नाही. मोबाइल समोर धरून पडद्याचंच चित्रण करणाऱ्याला कुठलीच सेवा रोखू शकत नाही, हे त्या सहा जणांना आधीच सांगा. व्हिमिओचा मला आवडणारा आणखी एक गुण म्हणजे फाइल बदलली तरी लिंक तीच राहते. समजा एकाने दोन वर्षांनी कळवलं, ‘माझ्या मुलीचं नाव घेतलंय तेवढं काढा.’ तुम्ही तो तुकडा कापून नवी फाइल तिथेच ठेवू शकता. यूट्यूबवर थोडी काटछाट करता येते, पण सुधारलेली नवी फाइल जुन्या लिंकवर बसवता येत नाही. नव्याने चढवायची, नवी लिंक घ्यायची, आणि जुनी जिथे जिथे दिली असेल तिथे धावत सुटायचं. संस्थेचा फोन नंबर व्हिडिओत छापला असेल आणि तो बदलला, तरी हीच कसरत. नंबर व्हिडिओत घालूच नका, पानावर लिहा.

चेहरा धूसर करायचा निर्णय कुणी घेतला, तर ते काम चढवण्याआधी आपल्या संगणकावर करा. यूट्यूबवर चेहरा पुसट करण्याचं साधन आहे, पण ते वापरायचं म्हणजे मूळ चेहरा आधी तिकडे पाठवायचा. उलटा कारभार.

सशुल्क सेवा घेताना खजिनदार एक रास्त प्रश्न विचारतील: पुढच्या वर्षी पैसे नसले तर? हाच प्रश्न सेवा देणाऱ्यालाही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वर्गणी थांबली की व्हिडिओ पुसले जातात, कुलूपबंद होतात की दिसत राहतात? नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना सवलत आहे का, तेही विचारा. न मागता ती सहसा मिळत नाही. देणगीदार व्हिडिओ बनवायला हौसेने पैसे देतात, तो ठेवायला देत नाहीत. तेव्हा पुढच्या प्रस्तावात तीन वर्षांचा साठवणुकीचा खर्च निर्मितीच्या खर्चातच मिळवून लिहा.

प्रशिक्षणाचे आठ व्हिडिओ त्याच सशुल्क खात्यात, पासवर्ड लावून ठेवा. खातं आहेच, तर आणखी एक जागा कशाला? त्यात समुपदेशनाच्या खऱ्या प्रसंगांची उदाहरणं असतील तर हे सक्तीचं समजा. अनलिस्टेडवर विसंबायचं नाही, याला एक जुनं कारणही आहे. २०२१ च्या जुलैमध्ये यूट्यूबने, २०१७ च्या आधी चढवलेले सगळे अनलिस्टेड व्हिडिओ खासगी करून टाकले. सुरक्षेसाठीच केलं, आधी कळवलंही होतं, नको असेल तर तसं सांगायची मुभाही होती. पण ज्या संस्थांनी ते ईमेल उघडलं नाही, त्यांच्या पानांवर नुसते काळे चौकोन उरले.

तो मुलगा कदाचित आणखी दोन नावं पुढे करेल. एक क्लाउडफ्लेअर स्ट्रीमसारख्या सेवा. त्या किती मिनिटं साठवली आणि किती मिनिटं पाहिली गेली यावर बिल लावतात. जाहिरात नाही, आवृत्त्या आपोआप होतात, आणि जोडून देणारा हाताशी असेल तर उत्तम. फक्त व्हिडिओ अचानक गाजला की बिलही गाजतं. दुसरं पीअरट्यूब, फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेने उभारलेलं, व्हिडिओ ठेवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याचा विचार मला मनापासून पटतो, तरी तुमच्या मुलाखतींसाठी मी ते सुचवणार नाही. तिथली रचनाच एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांची आहे, आणि तुम्हाला तर या व्हिडिओंच्या वाटा कमी करायच्या आहेत. इंटरनेट आर्काइव्हचंही तेच. जपून ठेवणं हाच त्यांचा धर्म, आणि तुम्हाला कधीतरी पुसावं लागेल. माहितीच्या १७ व्हिडिओंची एक जादा प्रत तिथे ठेवली तर मात्र छान.

आता माझी एक ठेच. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या वेबसाइटचं काम पाहत होते. व्हिडिओ एका छोट्या कंपनीकडे होते. कंपनीने गाशा गुंडाळला. तीन महिन्यांत फाइली उतरवून घ्या, अशी सूचना तिने रीतसर पाठवली, पण खातं ज्या कार्यकर्त्याच्या ईमेलवर उघडलं होतं, तो केव्हाच संस्था सोडून गेला होता. मूळ फाइली ज्या लॅपटॉपवर होत्या, तो फॉरमॅट करून कुणाला तरी देऊन टाकलेला. ११ व्हिडिओ गेले. त्यातल्या एका मुलाखतीतल्या आजी तोवर हयात नव्हत्या. मोठ्यांचं दुकान बंद होत नाही, असंही नाही. गूगल व्हिडिओ २०१२ मध्ये बंद झालं, ब्लिप ही व्हिडिओ सेवा २०१५ मध्ये. यूट्यूबवरून आपलाच व्हिडिओ स्टुडिओतून परत उतरवला तर मिळणारी प्रत मूळ दर्जाची नसते. तेव्हा संपादन पूर्ण झालेल्या ३१ च्या ३१ मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा आणि वर्षातून एकदा दोन्ही जोडून, उघडून पाहा. खाती संस्थेच्या ईमेलवर उघडा. यूट्यूबवर दोघा-तिघांना आपापल्या लॉगिनने व्यवस्थापक नेमता येतं. एकच पासवर्ड सगळ्यांना वाटायची गरज नाही.

उपशीर्षकं बहुतेक जण शेवटी करतात, म्हणजे वरातीमागून घोडं. तुमचे व्हिडिओ बरेच जण आवाज बंद करून पाहतील, कारण शेजारी कुणीतरी झोपलेलं असेल. ऐकू न येणाऱ्यांसाठी तर ती लागतातच, आणि वेबवरच्या सुलभतेच्या जागतिक निकषांत बोलक्या व्हिडिओला उपशीर्षकं ही अगदी पहिल्या पायरीची अट आहे. यंत्राने आपोआप केलेली उपशीर्षकं कच्चा मसुदा म्हणून घ्या, पण माणसाकडून तपासल्याशिवाय लावू नका. औषधाचं नाव किंवा मात्रा चुकीची छापली गेली तर जबाबदारी तुमची. उपशीर्षकांची एसआरटी फाइल वेगळी जपा. जागा बदलली तरी ती सगळीकडे चालते.

पार्श्वसंगीत कुणाच्या गाण्यातून उचललं असेल तर आत्ताच काढा. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि मग त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. अध्यक्षांना हे नक्की सांगा. हक्कभंगाच्या रीतसर तक्रारींवरून ९० दिवसांत तीन इशारे मिळाले तर वाहिनीच बंद होऊ शकते.

आणि एका पानावर १७ व्हिडिओ एम्बेड करू नका. प्रत्येक चौकट आपला बाडबिस्तरा घेऊन येते आणि पान उघडता उघडत नाही. नुसतं चित्र ठेवा, टिचकी मारल्यावरच प्लेअर येऊ द्या. हे काम त्या मुलाला द्या, तो खूश होईल.

चौथी बैठक लावण्याआधी त्या सहा जणांना फोन करा. चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी संमतीपत्रावर सही केली असेल, पण तेव्हा कुठे दिसणार हे तुम्हालाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना कुठून असणार? जागेचं नाव सांगा, कोण पाहू शकेल ते सांगा, काढून टाका म्हटलं तर किती दिवसांत काढाल ते सांगा. सहापैकी एखादा नको म्हणेल. मग पाचच लावा.